धूर आपलाच शे

नाना ओट्यावर बसून आधी नाक वर करत, मग पंच्याचं टोक तोंडाशी धरून दोन-तीनदा खोकत आणि म्हणत, "धूर आपलाच शे, भाऊ." त्यात तक्रार नसे. घरी पाहुणा आल्याचं सांगावं तसा आवाज असे.

तुमच्याही गावात हिवाळा सरताना असंच होत असेल. कापसाची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाट्या उपटून बांधावर पेटवतात. धुळे-जळगावच्या मधलं आमचं गाव त्या दिवसांत संध्याकाळी दिसेनासं होतं. नाना आमच्या समोर राहत. उभी हयात जिनिंगमध्ये गेलेली, रुईची धूळ छातीत बसलेली. पऱ्हाट्या पेटल्या की त्यांचा खोकला सुरू झालाच म्हणून समजा.

मी बँकेतून निवृत्त झालो आणि घरात कुणी ऐकेना म्हणून गाव सुधारायला निघालो. हवा मोजायचं छोटं यंत्र मागवलं. हवा चांगली असली की हिरवा दिवा, वाईट असली की लाल. रोज संध्याकाळी त्याचा फोटो गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचो आणि खाली पेटवणाऱ्यांना चार खडे बोल सुनावायचो. एकदा गच्चीवरून बोट दाखवत ओरडलो, "बघा नाना, कुण्या अडाण्याने पुन्हा पेटवलं!" नाना ओट्यावरूनच म्हणाले, "भाऊ, तिकडे तं तुनंच वावर शे." खरंच माझंच होतं, बटाईने दिलेलं. त्या दिवशी फोटोखाली मी काही लिहिलं नाही.

ग्रुपमध्ये नानांचा पुण्यातला मुलगाही आहे, हे माझ्या शास्त्रीय डोक्यात आलंच नव्हतं. नाना स्वतः पायऱ्या चढून सांगायला आले. आल्यावर आधी भिंतीला धरून खोकले, मग दम घेतला.

"तुना लाल दिवा दखी पोऱ्याना रोज फोन येस," ते म्हणाले. "हवा अशीच राहिनी तं तो माले पुण्याले ली जाई. तठे बठ्ठा दार लाईसन घरमा बसतस. कोनी वळखीनं नही. माले आठेच ऱ्हावानं शे, भाऊ."

मी त्यांना विज्ञान आणि सत्य या विषयावर ऐकवलं. "बरं," म्हणून ते कठड्याला धरत उतरले.

दुसऱ्या दिवशी मी यंत्र कपड्यांच्या कपाटात ठेवून दार लावलं. बायकोच्या पैठण्यांमध्ये हवा फारच उत्तम निघाली. हिरवा दिवा ग्रुपवर गेला आणि पुण्याहून अंगठा आला. समोरून नानांनी हात वर केला. मग रोज तेच. तुमच्या बोलण्याने गाव सुधारलं हो, असं दोघा-तिघांनी मला म्हटलं आणि मी ते नम्रपणे मान्यही केलं.

खोकला मात्र हिरव्या दिव्याला जुमानत नव्हता. डॉक्टरकडे चला म्हटलं की नाना म्हणत, "दम्याना पंप वढस ना मी. यंदानं भरीत व्हई जाऊ दे, मंग दखू."

तेवढ्यात आमचे व्याही आले. पाहुणा आला की आमच्याकडे भरीत, आणि वांगी भाजायची ती पऱ्हाट्यांवरच. गॅसवर भाजलेल्याला आम्ही भाजी म्हणतो. मोकळ्या प्लॉटवर अख्खी गल्ली जमली. व्याह्यांवर छाप पडावी म्हणून मी यंत्र आणून परातीशेजारी ठेवलं. भरीत ठेचून झालं, वरून कांद्याची पात पडली, आणि मी उत्साहाच्या भरात फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, आमच्या गल्लीचं भरीत!

"अहो, हे काय टाकलंत?" बायको म्हणाली, तेव्हा मी तो नीट पाहिला. पुढे भरीत, शेजारी लालबुंद यंत्र, आणि मागे धुरात वाकून, पंचा तोंडात कोंबून खोकणारे नाना. मी फोटो ग्रुपवरून डिलीट केला, पण पुण्याला तो पोहोचला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा गाडी घेऊन आला. गुणी पोरगा. माझ्या पाया पडला आणि मग म्हणाला, "काका, यंत्राचं राहू द्या. त्यांचा खोकला तुम्हाला ऐकू येत नव्हता का?"

माझा माणूस चालला होता आणि त्याला न्यायला आलेल्याचंच बरोबर होतं. नानाच मध्ये पडले. "त्याले काही म्हनू नको. मीच सांगेल व्हतं त्याले." मला रडू आलं, ते मी धुरावर ढकललं.

नाना पुढच्या सीटवर बसले. धूर येतो म्हणून मुलाने काच वर केली. नानांनी ती खाली केली. मुलाने पुन्हा वर केली. सगळी गल्ली दारात उभी होती आणि काच वर-खाली होत होती. कोपऱ्यावर गाडी वळली, तेव्हा ती खाली होती.