लांब हनुवटीची राजकन्या

पार्सिपनीत आमच्या शेजारी राहणाऱ्या मालिनीताई बेसमेंटमध्ये मुलांना चित्रकला शिकवायच्या. नागपूरला शिकून तयार झालेला हात, पण अमेरिकेत आल्यापासून स्वतःसाठी त्यांनी काही काढलंच नव्हतं. त्यांची आणि अनिलकाकांची एकुलती एक निधी कॉलेजात असताना तिच्या जबड्यात कॅन्सर निघाला. जबड्याचा तुकडा काढून तिथे पायाचं हाड बसवलं. जीव वाचला, पण चेहरा एका बाजूला ओढला गेला. निधीने मैत्रिणींचे फोन घेणं बंद केलं. बाहेर पडायची ती फक्त आईबरोबर न्यूयॉर्कच्या एका म्युझियममध्ये जायला, तेही मास्क लावून.

तिथे एका राजकन्येचं शेकडो वर्षांपूर्वीचं चित्र होतं. मुलगी कोवळीच. चित्र नियोजित वराकडे धाडण्यासाठी दरबारच्या चित्रकाराकडून काढून घेतलेलं. दारातून मावणार नाही असा फुगीर, रुपेरी घागरा, केसांत मोती, आणि लांब, पुढे आलेली हनुवटी. त्या घराण्यात नात्यातच लग्नं व्हायची, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तीच हनुवटी. निधी त्या चित्रासमोरून हलायची नाही.

म्हणून मालिनीताईंनी परवानगी काढली आणि तिथेच ईझल लावून चित्राची नक्कल करायला घेतली. घागऱ्याची चमक जमली, मोती जमले. चेहरा झाल्यावर निधीने पाहिलं.

"आई, यू फिक्स्ड हर."

"काय केलं मी?"

"हनुवटी छोटी केलीस. त्या चित्रकाराने नव्हती केली."

मालिनीताईंनी निरखून पाहिलं. खरंच होतं. हात आपोआप तसा गेला होता.

गाडीत निधी म्हणाली, "आता माझं काढ. फिक्स न करता."

पुढच्याच तपासणीत कॅन्सर फुफ्फुसात दिसला. निधी मास्क काढून बेसमेंटमध्ये आईसमोर बसू लागली. ऑपरेशननंतर मालिनीताई तिच्याशी बोलताना कपाळाकडे बघायच्या. आता टाक्यांची रेघ, वाकडा ओठ, ओठाच्या कोपऱ्यातली लाळ, सगळं बघावं लागलं. एकदा काढलेलं सगळं पुसून त्या वर निघून गेल्या. निधी तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळाने त्या परत खाली आल्या.

चित्र पुरं झालं तेव्हा निधीला बसवत नव्हतं. पडल्या पडल्या तिने पाहिलं. "हो, मीच," एवढंच म्हणाली. मार्चमध्ये ती गेली.

शोकसभेसाठी अनिलकाकांनी तिचा शाळेतला हसरा फोटो मोठा करून आणला होता. मालिनीताईंनी त्याच्या जागी चित्र ठेवलं. काका पाठमोरे झाले. "तिला असं नको दाखवूस," ते म्हणाले.

"तिनेच बसून काढून घेतलंय, अनिल."

काका सभा संपेपर्यंत गाडीत बसून राहिले.

त्यावर दोघं पुन्हा बोललेले नाहीत. फोटो वर हॉलमध्ये आहे, चित्र बेसमेंटमध्ये. क्लास बंद झाले. मालिनीताई खालीच झोपतात, आणि काका अजून एकदाही तो जिना उतरलेले नाहीत.