ताईच्या मोबाइलमधला डॉक्टर

आमची भाऊबीज इतरांपेक्षा जरा वेगळी असते. मी अकोल्यात जनरल प्रॅक्टिस करतो. थोरली बहीण अमरावतीला, राजापेठेत एकटीच राहते. शाळेतून निवृत्त झालेली, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही सांभाळून असलेली. तिनं ओवाळलं, मी ताटात ओवाळणी टाकली, की ती डावा हात पुढे करते आणि मी तिच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधतो. तिची शुगर पहिल्यांदा मीच पकडली, गोळ्या मीच ठरवल्या, आणि पथ्यावरून तिला रागावण्याचा मक्ताही माझाच.

या दिवाळीत मी पट्टा काढला, तर तिनं हात मागे घेतला.

"राहू दे. परवाच झालं. पोर्टलवर हाय सगळं."

"कोणाच्या पोर्टलवर?"

"इथल्या नव्या डॉक्टरच्या. चांगला पोरगा हाय. दवाखाना घराजवळ, बसून राहा लागत नाही."

मग तिनं मोबाइल काढला, ओटीपी टाकला आणि मला एकेक गोष्ट दाखवू लागली. बीपीचा आलेख, रक्ताचे रिपोर्ट, गोळ्यांची नावं, पुढची तारीख. खाली डॉक्टरला प्रश्न लिहायला एक चौकट. जन्मभर मुलांना आलेख काढायला लावलेली बाई स्वतःचा आलेख बघून हरखली होती. माझा मात्र नुसता जळफळाट झाला. तिच्या आजाराचा सगळा इतिहास माझ्या डोक्यात होता, आणि ती तो एका पोराच्या वेबसाइटवर शोधत होती!

परतताना बडनेऱ्याहून गाडी सुटल्यापासून अकोला येईपर्यंत मी त्या पोर्टलचे दोष काढत बसलो. अंजनगावची म्हातारी पेशंट असेल तर ओटीपी जाणार पुण्यातल्या पुतण्याच्या फोनवर. पायावरची सूज चौकटीत लिहून दिसत नाही. रिपोर्ट पेशंटच्या हातात आधी पडतो, समजावणारा माणूस नंतर भेटतो. सगळे मुद्दे बिनतोड होते. धारणीकडचा माणूस रोजी बुडवून, जीप-बस बदलत माझ्याकडे येतो आणि "रिपोर्ट चांगला आहे" एवढंच ऐकून परत जातो, हेही मला आठवलं. पण तो मुद्दा मी मोजला नाही. त्या पोराच्या बाजूचं काहीही मला नको होतं.

त्यानंतर मी फोनवर शुगर विचारली, की ताई म्हणायची, "थांब, पाहू दे." पूर्वी तिला आकडे तोंडपाठ असत, कारण मी रागावेन ही धास्ती असे. एकदा मी न राहवून विचारलं, "त्या चौकटीत तू लिहितेस तरी काय?"

"असंच. रात्री लघवीले किती वेळा उठणं होते, ते."

"मला तर कधी बोलली नाहीस!"

"तुले काय सांगू? तुले मी कडेवर घेऊन फिरली हाय."

मी फोन ठेवला आणि समोरच्या पेशंटवर विनाकारण खेकसलो.

थंडीत एका रविवारी सकाळी तिचा फोन आला. "पोटॅशियम लाल दिसून राहिलं रे. गूगलवर लिहिलं हाय, हृदय बंद पडते म्हणून. अन् पोर्टल म्हणते, उत्तर सोमवारी भेटीन."

ती घाबरली होती आणि मला आनंद झाला. पोर्टल सुट्टीवर, भाऊ कामावर! मी तिच्याकडून बाकीचे आकडे वाचून घेतले. किडनीचं सगळं ठीक होतं. छातीत धडधड नाही, अशक्तपणा नाही. खरं काय झालं असावं याचा अंदाज मला आला, पण तो फोनवर सांगून मोकळा होईन तर मी कसला? मिळेल त्या गाडीनं निघालो.

घरी पोचल्यावर नाडी पाहिली, पट्टा बांधला, तिनंही मुकाट्यानं बांधू दिला. मग ऐटीत सांगितलं, "काही नाही झालेलं ताई. रक्त काढताना पेशी फुटल्या की पोटॅशियम उगाच वाढलेलं दिसतं. उद्या पुन्हा रक्त दे, बरोबर येईल."

तिनं मान हलवली. भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. मी जेवू लागलो, ती मात्र भाकरीचा तुकडा नुसताच बोटात फिरवत होती. तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. त्या पोरानं रविवार असून उत्तर लिहिलं होतं. चष्मा लावून तिनं मोठ्यानं वाचलं: घाबरू नका, नमुना बिघडलेला असू शकतो, उद्या सकाळी पुन्हा रक्त देऊन जा.

ताईनं मोठा श्वास सोडला, ताट पुढे ओढलं आणि जेवायला लागली. भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

माझं डोकंच फिरलं. "मी काय वेगळं सांगितलं होतं? अकोल्याहून धावत आलो, शब्दन् शब्द हाच सांगितला, तेव्हा घास उतरला नाही तुझा. अन् त्याच्या दोन ओळींनी उतरला? मग मला फोन केलास कशाला?"

"एकटीले भेव वाटत होतं, म्हणून केला."

"आणि माझ्या बोलण्यावर विश्वास नाही?"

ती शांतपणे जेवत होती. "तो परका हाय. खराब असतं तं त्यानं खराब हाय म्हणून लिहिलं असतं. तू माझा भाऊ हायेस. खराब असतं तरी तू हेच म्हटलं असतं."

मी खाली बघून जेवत राहिलो. खराब असतं, तरी मी खरोखर हेच म्हटलं असतं.