तेरा काटे आणि मालेगावपर्यंतचे चौदा किलोमीटर

सायकल विकायचं ठरलं होतं, हे आधीच सांगून टाकते. माझ्या ऑफिसातली अनघा रविवारी येऊन ती घेऊन जाणार होती. मागच्या वर्षी पुण्यात भर रस्त्यात मी पडले, मांडीच्या हाडाचे दोन तुकडे झाले आणि आत एक लांब सळी बसवावी लागली. डॉक्टरांनी सहा महिन्यांपूर्वीच "चालवा आता" म्हणून सांगितलं होतं. चालवत नव्हते ती मीच. मागून गाडीचा आवाज आला की माझे हात ब्रेकवर घट्ट आवळले जायचे, आणि मग उतरून चालत घरी.

शिरीष, म्हणजे माझा नवरा, वाद घालत नाही, तह करतो. म्हणाला, "विक. पण आधी दोन दिवस अशा ठिकाणी चालव, जिथे मागून गाड्या येत नाहीत. सगळं अंतर स्वतःच्या पायांनी कापलंस तर पुन्हा विचार कर. वाटेत कुणाच्या गाडीत बसलीस तर सायकल अनघाची." मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर आपण हरणार याची मला खात्री होती, आणि हरले की विषय एकदाचा मिटणार होता.

जागा त्यानेच निवडली. त्याची पहिली नोकरी मालेगावातली. नाशिकचं नव्हे, वाशिमचं मालेगाव. पुण्याहून ट्रॅव्हल्सने गेलो. सायकलींची चाकं काढून, जुन्या चादरींत गुंडाळून त्या डिकीत टाकल्या. क्लीनरने कुरकुर करत प्रत्येकी पाचशे घेतले. लॉजची खोली नऊशेला मिळाली, गरम पाण्याची बादली सकाळी सातपर्यंतच. स्टँडजवळ तिखट रश्श्याची तर्री घातलेले पोहे वीस रुपयांत मिळतात, आणि ते खाल्ल्यावर झोप उडते.

तुम्हाला जायचं असेल तर जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य गाठा. पहाटे कानटोपी लागते, अकराला टोपी. आम्ही किन्हीराजा गावाच्या बाजूला गेलो. हायवेचा दोनेक किलोमीटरचा तुकडा टाळता येत नाही. तो मी सायकल हातात धरून चालत गेले. पाय माझेच होते, त्यामुळे तहात बसत होतं. मग एक मुरमाची वाट आत वळते आणि सगळा गोंगाट मागे राहतो. दोन्ही बाजूंना सागाचं विरळ रान, मध्येच तुरीची कापणी झालेली शेतं, पुन्हा रान. चढ असा नाहीच. ग्रॅव्हल बाइकच्या रुंद टायरखाली सागाची वाळलेली पानं पापडासारखी मोडत होती. पळसाला नुकत्याच काळ्या कळ्या धरल्या होत्या. जंगलात शिरण्याआधी वाट कुठली येण्याजाण्याची आहे ते गावात विचारून घ्या. आम्ही विचारलं, आणि तीन जणांनी तीन वाटा सांगितल्या, तिन्ही बरोबर निघाल्या.

पहिल्या दिवशी एकदाच मागून आवाज आला. माझे हात आवळले. सायकल कडेला घेतली, उतरले, आणि वळून पाहिलं तर बैलगाडी. गाडीवानाने मला पुढे जायला वाट दिली आणि मी त्याला. बराच वेळ दोघेही थांबून होतो. शिरीष पुढे उभा राहून हसत होता. संध्याकाळी खोलीवर पाय सुजला होता, पण अठ्ठावीस किलोमीटर झाले होते.

आता टायरचं थोडं समजून घ्या, कारण पुढची सगळी भानगड त्यातच आहे. आमच्या टायरांत ट्यूब नसते. आत दुधासारखं एक औषध असतं; काटा घुसला की ते भोक बुजवतं. हे औषध काही महिन्यांत सुकतं आणि पुन्हा भरावं लागतं. निघण्याआधी शिरीषने मला दोनदा आठवण करून दिली होती, आणि मी दोन्ही वेळा "बघते" म्हटलं होतं. विकायच्या सायकलीत औषध कोण भरतं? त्या वाटांवर बाभळीचे काटे मुबलक. पण काटा तसाच राहू दिला तर तोच भोक बुजवून ठेवतो, म्हणून शिरीषचा नियम होता की घरी पोचेपर्यंत एकही काटा उपटायचा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी रानाच्या कडेच्या एका शेतात आम्हाला थांबवून घेतलं. किसनराव, वय सत्तरीच्या पुढे, आणि त्यांच्या पत्नी पंचफुलाबाई. उन्हात निघालात कुठे, आधी जेवा, एवढंच त्यांचं म्हणणं. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण. रोडगा कुस्करून त्यावर तूप ओतताना पंचफुलाबाईंनी माझं "पुरे" ऐकलंच नाही. पैशांचा विषय काढला तर त्यांनी असं पाहिलं की मी पाकीट परत ठेवलं. मी लंगडत हात धुवायला गेले ते किसनरावांनी पाहिलं होतं. पायात काटा आहे का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हटलं, आणि निंबाखाली आधीच घोरत पडलेल्या शिरीषशेजारी जरा आडवी झाले.

उठले तेव्हा किसनराव माझ्या सायकलीजवळ उकिडवे बसले होते. त्यांच्या करदोड्यात एक छोटा लोखंडी चिमटा खोचलेला असतो, काटे काढायचा. तो हातात होता. चेहऱ्यावर समाधान.

"तुमच्या दोनी सायकलीचे काटे काढून देल्ले," ते म्हणाले. "तुमच्या एकटीच्या सायकलीचे तेरा निंगाले. पावन्याले काटे घेऊन कायले जाऊ द्याचं?"

शिरीषच्या टायरांतलं औषध ताजं होतं, ती भोकं बुजली. माझी दोन्ही चाकं आमच्यादेखत हळूहळू जमिनीला टेकली.

आणि मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं. मालेगाव अजून चौदा किलोमीटर होतं, शेजारच्या शेतात हरभरा भरायला आलेला टेम्पो तिकडेच निघाला होता, आणि दोष माझा दिसणार नव्हता. ड्रायव्हर सायकल वर घ्यायलाही तयार झाला. मी हॅण्डलला हात घातला.

किसनरावांना तोवर शिरीषने काय झालं ते समजावलं होतं. त्यांनी चिमटा करदोड्यात परत खोचला नाही, मुठीत धरून उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हंजे मी तुमची सायकल बसोली. माह्या वावरातून पावना पयल्यांदा असा चालला."

माझं लंगडणं पाहून त्या माणसाला काळजी वाटली होती, म्हणून त्याने निदान टायरांतले काटे काढले होते. औषध भरलं नव्हतं ते मी. मी टेम्पोत बसले असते तर तह मी मोडला असता आणि त्याचं ओझं किसनराव म्हातारपणी वाहत बसले असते. टेम्पोला जाऊ दिलं.

आमच्याकडे अडीअडचणीला आणलेल्या दोन सुट्या ट्यूबा होत्या. अडचण अशी की काट्यांची मोडकी टोकं टायरांत आतून अडकलेली असणार, आणि एक जरी राहिलं तरी नवी ट्यूब फुटणार. तिसरी ट्यूब नव्हती. किसनराव बोटं फिरवून शोधायला लागले, पण राठ बोटांना बारीक टोक लागेना. तेव्हा पंचफुलाबाई बांधापलीकडे गेल्या, कपाशीच्या पराटीवर राहिलेलं एक बोंड तोडून आणलं, आणि त्यातला कापूस टायरच्या आतून फिरवू लागल्या. कापूस अडकला की थांबायच्या. तिथे टोक. मग किसनराव चिमटा लावायचे. जन्मभर कापूस वेचलेल्या बाईला कापूस कशाकशाला अडकतो हे वेगळं शिकावं लागलं नव्हतं. दोन्ही टायरांतून नऊ टोकं निघाली. शेवटच्या फेरीला कापूस कुठेही न अडकता फिरला, तरी त्यांनी आणखी एकदा फिरवला.

हवा भरून होईपर्यंत किसनरावांनी माझ्या पायाचं नीट विचारून घेतलं. आत लोखंडी सळी आहे, वाटलं तर पुढे काढता येते, असं मी सांगितलं. त्यांनी चिमटा करदोड्यात परत खोचला.

"राहू द्या तिले," ते म्हणाले. "सारंच काढाचं नसते, हे मले आजच समजलं."

निघताना पंचफुलाबाईंनी उरलेलं बोंड माझ्या बॅगेत घातलं, वाटेत लागलं तर असावं म्हणून. त्या दोघांचे आभार कसे मानायचे ते मला कळलं नाही. वाकून नमस्कार केला, पाय दुखला, आणि रडू आलं.

ते चौदा किलोमीटर मी चालवले. शेवटी हायवे लागला तेव्हा शिरीष सवयीने उतरला. मी उतरले नाही. पांढऱ्या पट्टीच्या बाहेरून, दात आवळून, मागून ट्रक येत असताना, ते दोन किलोमीटरही चालवत आले. भीती गेली असं म्हणणार नाही. हात अजूनही आवळतात, पण पाय फिरत राहतात. स्टँडजवळ पोचल्यावर दोघांनी चार प्लेट पोहे खाल्ले.

रविवारी अनघा आली. तिला चहाला वर बोलावलं आणि सायकल देत नाहीये असं सांगून टाकलं. तिने कारण विचारलं, मी बॅगेतलं बोंड काढून दाखवलं आणि सगळं सांगितलं. ती चिडली नाही. पुढच्या वेळी मलाही घेऊन चला, एवढं म्हणून गेली.

ती गेल्यावर शिरीषने सहज विचारलं, ट्यूबा काढून टायरांत औषध भरायचं आहे ना? या वेळी मी "बघते" म्हटलं नाही. औषधाची बाटली घेतली, कापूस घेतला, आणि पार्किंगमध्ये सायकलीपाशी जाऊन बसले.