पश्चिमेच्या भिंतीलगतचा पिंजरा

माझ्या बायकोच्या बोक्याने घरमालकिणीच्या वडामांवर मुतून ठेवलं, तेव्हा बायकोला जाऊन वीस दिवस झाले होते. वडाम म्हणजे आपल्या कुरडयांसारखंच वाळवण. एप्रिलमध्ये इकडे तमिळ मुलखात, आमच्या आदंबाक्कमच्या गच्च्यांवर जुनी धोतरं अंथरून ते घालतात. घरमालकीण वरच्या मजल्यावर एकटी राहते. सत्तरीला आलेली, विधवा, तंजावरकडच्या मराठी घराण्यातली. तिला आम्ही मामी म्हणत आलो. तिने ते धोतर वडामांसकट गुंडाळलं, खाली आणलं आणि माझ्या उंबऱ्यात ठेवलं.

"सार, हें तुमचें," ती म्हणाली.

मग उभ्याउभ्याच तिने बाकीचं सांगितलं. कत्तिरि लागायच्या आत, म्हणजे मे महिन्यातलं ते कडक ऊन सुरू व्हायच्या आत, दोन्ही मांजरं बंदिस्त झाली पाहिजेत. नाही झाली तर तिचा भाचा येऊन घेऊन जाईल. त्याच्या ओळखीचं पाळीव प्राण्यांचं दुकान आहे.

मामीची मराठी काही शतकांपूर्वी इकडे आलेल्या लोकांची आहे आणि ती तमिळ हेलात बोलते. बायकोला ती ऐकायला फार आवडायची. दोघी जिन्यात बसून एकमेकींच्या शब्दांना हसायच्या. हे घर आम्हाला मिळालं तेही 'आपली माणसं' म्हणून. मी एका सरकारी संस्थेच्या ग्रंथालयात काम करतो. ती भाषा मला जुन्या कागदपत्रांत वाचायला आवडते. माझ्याच उंबऱ्यात उभं राहून कुणी ती माझ्यावर चालवलेली मला आवडली नाही. मी दार लावून घेतलं. धोतर संध्याकाळपर्यंत तिथेच पडून होतं.

मला मांजरंही आवडत नव्हती. बोका पांढरा आणि मांजरी करडी, दोन्ही पर्शियन, चपट्या नाकांची, श्वास घेताना घुर्र आवाज करणारी. बायको त्यांची वीण घ्यायची. वर्षातून एकदा, जास्त नाही. पिल्लू मागायला कुणी आलं की आधी ती त्यांच्या घरी जाऊन यायची. खिडक्यांना जाळी आहे का, घरात दिवसा कोण असतं, हे बघायची. धुणंभांडी करणाऱ्या बाईशीही बोलायची. दुकानाला तिने एकही पिल्लू दिलं नाही. त्यासाठी आलेल्या लोकांना ती चहासुद्धा विचारत नसे.

शेवटच्या आजारपणाआधी तिने करडीला बोक्याकडे सोडलं होतं. वहीत तारीख लिहिली आणि पासष्ट दिवस मोजून पुढच्या तारखेभोवती गोल केला. मग दवाखान्यात गेली. तिथे मी रोज संध्याकाळी जायचो आणि ती रोज विचारायची, करडीने काय खाल्लं. मी काय खाल्लं हे तिने एकदाही विचारलं नाही. मला त्याचा राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं की पिल्लं याच घरात होतील आणि घर पाहिल्याशिवाय मी ती कुणाला देणार नाही. मी हो म्हणालो. एवढ्या एका गोष्टीसाठी मला ती मांजरं ठेवायची होती. भाच्याच्या टोपलीत करडी गेली असती, तर माझा शब्द गेला असता, आणि तो परत घेऊन दुसरा द्यायला आता समोर कुणी नव्हतं.

भेटायला येणारी मराठी मंडळी दुसरंच सांगत होती. देऊन टाका, म्हणायची, तुम्हाला आता झेपणार नाही. एकीने तर माझ्यासमोरच नवऱ्याला विचारलं की असल्या मांजरीला बाजारात काय भाव असेल. मी त्यांची पुरणपोळी ठेवून घेतली आणि पुढच्या वेळी बेल वाजली तेव्हा दार उघडलं नाही.

पिंजऱ्याचा विचार बायकोनेही केला होता. तिच्या वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने काढलेलं एक चित्र मला सापडलं. पूर्वेला विहिरीजवळ कडुनिंबाखाली एक चौकोन, चारी बाजूंनी जाळी, आणि त्यात शिरणारा एक बाण. बाणाशेजारी 'वारा' असं लिहिलेलं. दिशांच्या खुणा नव्हत्या, मापं नव्हती. ते पाहून मी काय केलं ते मला नीट आठवतं. तिच्या पत्रातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढायचो तसाच मी लाल पेन घेऊन बसलो. झाडाचा पाला पडेल. कावळे बसतील. ओल राहील. ऊन मिळणार नाही.

माझ्याकडे पुस्तक होतं. परदेशी, जाड कागदाचं, मांजरांची पैदास करणाऱ्यांसाठी लिहिलेलं. त्यात आराखडेच होते. पिंजऱ्याला दिवसभर ऊन हवं, तोंड दक्षिणेला हवं, मागची आणि एक कडेची बाजू थंड वाऱ्यापासून बंद हवी, छप्पर उजेड आत येईल असं हवं. एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही अशी दुहेरी दारं, गाभण मांजरीचा कप्पा वेगळा, बोक्याचा वेगळा, बसायला उंचावर फळ्या. मी ते दोनदा वाचलं आणि टिपणं काढली. पश्चिमेच्या कुंपणभिंतीलगतची मोकळी जागा त्या वर्णनात तंतोतंत बसत होती.

बारीक वेल्डमेश जाळीचा गठ्ठा मी जॉर्ज टाउनमधून आणला. लोखंडी सांगाडा गिंडीच्या एका वर्कशॉपमध्ये करून घेतला. तिथल्या वेल्डरने कागद उलटसुलट करून पाहिला आणि यात कोणाला कोंडणार, असं विचारलं. मांजरं म्हटल्यावर तो आपल्या जोडीदाराकडे बघून हसला. मग हिंदी-तमिळ मिसळून म्हणाला, "एसी कुठे बसवणार, सार?" मला ती टिंगल वाटली. मी त्याच्याशी पुढे कामापुरतंच बोललो.

जोडणी मी स्वतः केली. पहाटे दोन तास आणि ऑफिसातून आल्यावर अंधार पडेपर्यंत. जाळी तारेने बांधताना बोटं फाटत होती आणि ते मला चालत होतं. वर अर्धपारदर्शक फायबरचे पत्रे टाकले. तीन बाजू छातीपर्यंत प्लायवुडने बंद केल्या. पुस्तकात दोनच बाजू बंद होत्या. तिसरी मी मामीसाठी केली. वरून तिला काही दिसू नये अशी माझी इच्छा होती. ती गच्चीच्या कठड्यावर हात ठेवून बघत राहायची. एकदा वरूनच म्हणाली की त्या भिंतीला दुपारी हात लावून पाहावा. मी मान वर केली नाही. भिंत तिची होती, तिला डाग पडायला नको असतील, असा मी अर्थ लावला.

त्या पंधरा दिवसांत भरदुपारी मी त्या जागेवर एकदाही उभा राहिलो नाही. आठवडाभर ऑफिस. एक रविवार खरेदीत गेला. दुसऱ्या रविवारी जेवून पंख्याखाली ते पुस्तकच वाचत पडलो होतो.

कत्तिरि लागण्याच्या आदल्या दिवशी पिंजरा तयार झाला. संध्याकाळी आत जाऊन बसलो. वारा येत नव्हता, पण मला बरं वाटलं. सोमवारी सकाळी आठला दोघांना आपापल्या कप्प्यात ठेवलं, पाणी ठेवलं, दोन्ही दारं लावली. भाचा मधेच येऊन उचलून नेईल या भीतीने बाहेरच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकून निघालो.

साडेअकराला मामीचा फोन आला. ग्रंथालयात फोन मुका असतो. पडद्यावर तिचं नाव उजळलेलं मी पाहिलं आणि फोन पालथा ठेवला. जेवणाच्या सुटीत पाहिलं तर सात वेळा येऊन गेला होता. तेव्हाही मी उलट फोन केला नाही. जेवताना मला तिचा आवाज नको होता.

पाचनंतर घरी पोचलो. पिंजऱ्याचे दोन पत्रे फुटून अंगणात पडले होते. जवळच पहार पडलेली होती. बोका कडुनिंबाच्या दुबेळक्यात बसला होता, तोंड उघडं, पोट भात्यासारखं हलत होतं. करडी कुठेच नव्हती.

मामी जिन्याखालच्या गार फरशीवर बसलेली होती. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं आणि त्यावर रक्ताचा डाग. मांडीशी ओल्या पंच्यात करडी. शेजारी वर्तमानपत्रावर तीन पिल्लं, उंदराएवढी, न हलणारी. चौथं करडीच्या पोटाला चिकटलेलं. ते हलत होतं.

"सात वेळ फोन केलें," ती म्हणाली. "पाहिलांत ना?"

"पाहिला."

"मग?"

"मला वाटलं, तक्रार असेल."

"तक्रारच होती."

तिने मला बसू दिलं नाही. उभा असतानाच ऐकवलं. अकरापासून करडी ओरडत होती. तिने वरून पाणी ओतलं तर फायबरवरून ते वाहून गेलं. कुलूप तुटेना, म्हणून विहिरीजवळची पहार आणून स्टुलावर चढून तिने छप्पर फोडलं. बोका तिला चावून पळाला. करडीला तिने वरूनच ओढून काढलं. आठवडाभर आधी पिल्लं झाली. तिने हे सगळं मोठ्या आवाजात सांगितलं नाही. ओरडली असती तर मला काहीतरी उलट बोलता आलं असतं.

"तुम्ही बहुत वाचलांत," ती शेवटी म्हणाली. "उन्हांत एक वेळ उभे राहिलांत नाही."

तीन पिल्लं मी विहिरीमागे पुरली. माती कोरडी होती, बराच वेळ लागला. करडी आणि जिवंत पिल्लू वर नेत असल्याचं मामीने मला सांगितलं, विचारलं नाही. आणि रविवारी भाचा येईल, हेही.

मी आठवडाभराची रजा टाकली. मंगळवारी अकरा वाजता खुर्ची घेऊन अंगणात बसलो. चार वाजेपर्यंत बसलो. दर अर्ध्या तासाने सावली कुठे जाते तिथे खडूने रेघ मारत होतो. पश्चिमेच्या भिंतीला एक वाजता हात लावला आणि लगेच काढून घेतला. अडीचच्या सुमारास समुद्राकडून वारा सुटला. तो पूर्वेकडून, विहिरीवरून, झाडाखालून आला आणि भिंतीपर्यंत पोचण्याआधी मेला. बायकोने हे त्या पेन्सिलीच्या बाणात लिहून ठेवलं होतं. तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, या गोष्टीचा मला त्या क्षणी दुःखापेक्षा संताप आला. ती दुपारी घरी असायची. मी कधी तिला विचारलंच नव्हतं की ती दुपारी काय करते, कुठे बसते.

पुढचे चार दिवस मी पिंजरा सोडवून कडुनिंबाखाली नेला. फायबर भंगारात दिलं, वर माडाच्या झावळ्यांचं छप्पर घातलं. प्लायवुड काढून चारी बाजूंना जाळीच ठेवली. मामी रोज कठड्याशी यायची. आता मी मान वर करत होतो, पण ती बोलत नव्हती.

रविवारी भाचा मोटारसायकलवरून आला, दोन झाकणाच्या टोपल्या घेऊन. मी त्याच्या मागोमाग वर गेलो. तो सोफ्यावर बसून कॉफी पीत म्हणाला की दुकानवाल्याला बोका हवा आहे, पिल्लूही चालेल, पण या मांजरीचं वय झालंय, ती नको. करडी तेव्हा मामीच्या साडीच्या घडीवर झोपली होती. मामीने त्याला कॉफी संपवू दिली. मग त्याच्या हातात दोन फणसाचे गरे ठेवले आणि तमिळमध्ये सांगितलं की काम नाही, ये आता. तो माझ्याकडे असा पाहत गेला, जणू मीच त्याला बोलावलं होतं.

मी आभार मानायला तोंड उघडलं. तिने हात वर केला.

"पूनै राहतील," ती म्हणाली. पूनै म्हणजे मांजरं. "तुम्ही जावा. दुसरें घर पाहा."

"मांजरं माझी आहेत, मामी. मी जाईन तिथे ती येतील."

"तुमची? भाजत होतांत त्यांस."

"हो. पण तिला शब्द मी दिलाय, तुम्ही नाही. घर पाहिल्याशिवाय पिल्लू जाणार नाही. मी तुमचं घर पाहिलंय. इथे दिवसभर माणूस असतं. म्हणून ती इथेच राहावीत असं मलाही वाटतं. पण माझ्याशिवाय नाही."

हे बोलताना माझा आवाज चढला होता. तिलाही मी आवडत नव्हतो आणि त्यात नवीन काही नव्हतं. मग तिने तळहात पुढे केला.

"किल्ली."

मी कुलपाच्या दोन्ही किल्ल्या दिल्या. त्यातली एक तिने परत केली नाही.

तेव्हापासून असंच चाललं आहे. सकाळी मी दाणापाणी बघतो. अकरा वाजता ती खाली येते, कुलूप काढते, पाणी बदलते, झावळ्यांवर शिंपडते आणि झाडाखाली खुर्ची टाकून चारपर्यंत बसते. पिल्लू आता जाळीवर चढतं. त्याच्यासाठी दोन जण विचारायला आले होते. एकाच्या घरी आम्ही दोघं वेगवेगळ्या वेळी जाऊन आलो आणि दोघांनीही नको म्हटलं, हे मला त्याच माणसाकडून कळलं. सुटीच्या दिवशी मी घरी असलो तरी ती अकरालाच येते. मला पाहून मान हलवत नाही. मीही स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागे सरकतो आणि ती वर जाईपर्यंत अंगणात पाऊल टाकत नाही.