झाकून ठेवलेला मामा

माझ्या कॉम्प्युटरमधल्या घरांच्या नकाशांत आमचं सगळं गणगोत राहायचं. नकाशाच्या थरांना, म्हणजे लेअरना, मी नात्यांची नावं दिली होती. कॉलमच्या लेअरचं नाव होतं 'आबा', कारण ते जागचे हलत नाहीत. जिना म्हणजे 'आत्या', तिचं प्रत्येक घरी जाणंयेणं. सांडपाण्याच्या पाइपाला मी 'मामा' म्हणत असे. का, ते बायकोला अजून सांगितलेलं नाही.

मुलगी सिव्हिल शिकून बुलढाण्यातल्या माझ्या ऑफिसात बसू लागली, तेव्हा तिने हे कुटुंब पाहिलं. ती हसली नाही, हेच जास्त लागलं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये तिने सगळ्याची घडी बसवून दिली. एकेका मजल्याचा एकेक लेअर, आणि भिंत, पाइप, वायर अशा प्रत्येक प्रकाराचा एक क्लास. "बाबा, एक क्लास झाकला की तो सगळ्या मजल्यांवर झाकला जातो. आणि झाकलेलं हलवता येत नाही, एवढं ध्यानात ठेवा." मी मान डोलावली. नावं मात्र जुनीच ठेवून घेतली. या वयात नवी नाती कुठे जोडायची?

त्याच सुमारास धाड गावच्या एक निवृत्त सिस्टर घराचा नकाशा काढून घ्यायला आल्या. खाली त्या स्वतः राहणार, वरचे दोन मजले भाड्याने. कच्चा नकाशा पाहून म्हणाल्या, "भाऊ, मले दुसरं काही नको. वंदनेच्या खोलीवर संडास नको." नोकरीभर त्या दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये राहिल्या. तिथे बुद्धाची मूर्ती ठेवायला एकच कोनाडा होता, वरच्या घराच्या मोरीच्या पाइपाखाली. पाइप पाझरायचा. मूर्तीवर प्लास्टिक पांघरून त्यांनी वर्षं काढली होती.

मी त्यांच्यासमोरच स्क्रीनवर वरच्या दोन्ही मजल्यांचे संडास उचलून पलीकडच्या कोपऱ्यात नेले. हलवताना पाइपांच्या रेघा मधे मधे येत होत्या, म्हणून मामाला झाकलं. संडास गेले, मामा तिथेच राहिला. प्रिंट काढताना मी त्याला पुन्हा दिसता केला, पण तो कुठे उभा आहे ते काही पाहिलं नाही.

पहिला स्लॅब टाकायच्या आदल्या दिवशी मिस्त्रीचा फोन आला. "साहेब, पाइपाचं भोक बाईच्या वंदनेच्या खोलीत उतरून राह्यलं. बराबर हाय का?"

"नकाशात पाहा ना," मी रुबाबात म्हणालो.

"नकाशात पाहूनच ठेवलं, म्हणून त इचारून राह्यलो."

मुलीने नकाशा उघडला. मामा त्या खोलीच्या मधोमध उभा. ती हळूच म्हणाली, "माझ्याकडून चुकलं म्हणून सांगू का? मी नवीन आहे, लोक समजून घेतात." मला क्षणभर मोह झाला, हे कबूल केलेलं बरं. मग मी गाडीची किल्ली घेतली आणि तिलाही मागे बसवलं.

साइटवर सिस्टर त्या भोकाखाली, टेकूच्या बल्ल्यांच्या गर्दीत उभ्या होत्या. मी म्हणालो, "चूक माझी आहे. पाइप झाकून ठेवला होता, तो हलवायचा राहिला."

"झाकून काऊन ठेवला?"

"मधे मधे येत होता."

त्यांनी एकदा भोकाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पट्टीखाली काय हाय ते पाह्यल्याशिवाय आम्ही पेशंटले घरी पाठवत नव्हतो, भाऊ."

मिस्त्रीने वर जाऊन पाइपाचा तुकडा काढला, भोक बुजवलं आणि तुकडा पलीकडच्या कोपऱ्यात बसवला. तोवर सिस्टरांनी मुलीला सिमेंटच्या थप्पीवर लॅपटॉप उघडायला लावला. "आता सगळं उघडं कर. मामा, आत्या, जे कोणी असतील ते." माझ्या गणगोताची बातमी मुलीने तेवढ्यात फोडली होती. तिने एकेका मजल्यावर एकेक क्लास उघडून दाखवला. सिस्टर रेघेवर बोट ठेवून विचारत होत्या, "हे काय?" मुलगी सांगत होती, आणि मी थप्पीच्या टोकाशी न बोलावलेल्या पाहुण्यासारखा उभा होतो.

शेवटी त्यांनी मला खोलीत बोलावलं. "वर पाहा. काय दिसते?"

"सेंटरिंगच्या प्लेटा."

"अजून?"

"काही नाही."

त्यांनीही मान वर करून कोपरा न् कोपरा पाहिला. मग दारातून मिस्त्रीला हाक मारली, "उद्या सकाळी टाका स्लॅब." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वरच्या स्लॅबच्या आधीही या, भाऊ. पण पोरीले घेऊन या."