कूलरची मोटर आणि सासऱ्यांची काडतुसं

नागपुरात भर मे महिन्यात चालत्या कूलरची मोटर काढणारा माणूस ठार वेडा समजावा. ती मी काढली, आणि तीही सासरे यायच्या दिवशी!

सासऱ्यांची उमरेडकडे शेती, आणि रानडुकरांसाठी परवान्याची बंदूक. तिची पितळी काडतुसं वाजवून झाली की फेकायची नाहीत, धुऊन पुन्हा भरायची. दिवाळीत ते सहज म्हणाले, "लई काळी पडली हो ही. बंदुकीत अडकून राह्यली." झालं! मी एका कारखान्यात कारकून. तिथलं पितळ धुवायचं यंत्र मी खिडकीतून एकदाच पाहिलेलं (तेही जेवणाच्या सुटीत, बंद असताना). पण जावयाच्या तोंडाला कुलूप कोण लावणार? "द्या इकडे," मी म्हणालो, "मशीनवर आरशासारखी करून देतो!"

काडतुसं माळ्यावर पडली ती पडलीच. मग एक दिवस पोस्टकार्ड आलं, 'रविवारी दुपारी येतो. काडतुसं घेऊन जाईन.' लग्नाला चार वर्षं झाली तरी ते आमच्या प्रताप नगरच्या घरी कधी आले नव्हते. आता येत होते ते कूलरपायी. कुसुम, म्हणजे आमची बायको, दर पत्रात लिहायची, 'बाबा, एकदा आमच्या कूलरसमोर निजून पाहा.' पोस्टकार्ड वाचून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी माळ्याकडे पाहिलं.

रविवारी सकाळीच मी कूलर उघडला.

"काहून उघडून राहिले?" कुसुम ओरडली.

"मशीन बनवतो. डब्यात काडतुसं, रेती, साबणाचं पाणी. डबा आडवा टाकून मोटरीवर फिरवायचा. दोन घंट्यांत लख्ख!"

"अहो, चिंचेनं अर्ध्या घंट्यात निघतात ना!"

"हे शास्त्र आहे, कुसुम!"

तुपाचा गोल डबा घेतला. वेग आवरायला मधे सायकलचं चाक बसवलं. पट्टा कुसुमच्या शिलाई मशीनचा (हे तिला सांगितलं नव्हतं, तिनं ओळखला). बटण दाबलं आणि डबा गडगडत फिरायला लागला. मी कुसुमकडे ऐटीत पाहिलं. ती खाली पाहत होती. झाकणातून पाणी गळून खोलीभर पसरलं होतं.

"झाकणाले सायकलचा ट्यूब कापून लाव गा!" शेजारचे ढोरेकाका भिंतीवरून म्हणाले. लावला. आता पाणी ट्यूबच्या बाजूनं गळू लागलं. साबणाची वडी घासून फटी बुजवल्या. साबण विरघळला, आणि वर फेस! दहा वाजले, अकरा वाजले. मी गुडघ्यावर बसून त्या डब्याला नाही नाही ते बोललो. तो गळतच राहिला. मग माझी नजर स्वयंपाकघरात गेली. वडिलांच्या पुरणपोळीसाठी कुसुमनं मऊसूत कणीक तिंबून ठेवली होती.

"तिले हात लावाल तर पाहा!"

तोवर अर्धी कणीक झाकणाला थापून झाली होती. वरून सुतळीचे सात वेढे. आणि काय सांगू, थेंब गळेना! यश डोक्यात गेलं. गळती थांबली, तर चमक का नको? सगळं पुन्हा सोडलं. आत चिंचेचा कोळ ओतला, आणि नुसती चिंच म्हणजे बायकोचं ऐकल्यासारखं होईल, म्हणून वर मूठभर खायचा सोडा. घाईघाईनं झाकण, कणीक, सुतळी. बटण!

आधी डब्यातून फुसफुस आली. मग डबा फुगल्यासारखा वाटला.

"अहो, बंद करा..."

धाड!

झाकण कूलरच्या जाळीवर आदळलं. कणकेचा गोळा छताला चिकटला. काळं आंबट पाणी थेट मोटरीवर पडलं (ती डब्याच्या बरोब्बर खाली ठेवायची अक्कलही माझीच). मोटर एकदा 'कुंई' म्हणाली, धूर सोडला आणि गेली.

भिंतीवरून ढोरेकाकांचा आवाज आला, "सासरे आले काय गा? बंदूक घेऊनच आले वाटते!"

कुसुमनं चिंच घेतली, मोरीवर बसली आणि काडतुसं घासली. अर्धा घंटाही लागला नाही. मी खोली पुसत होतो.

सासरे दुपारी आले ते घामानं ओलेचिंब. काडतुसं पाहून त्यांचा चेहरा खुलला. "वा जावईबापू! मशीन भारीच आहे तुमची!"

खरं सांगायला मी तोंड उघडलं. बाहेर पडलं ते, "हो, बरी आहे."

कुसुमनं माझ्याकडे पाहिलं. मग गोड आवाजात म्हणाली, "बाबा, थकले असाल. खाटेवर निजा, कूलर चालू करून देते." तिनं माझ्या हातात ताडाचा पंखा दिला. माझ्या डोक्यावर ओला पंचा टाकला. मला खाटेच्या उशाशी उभं केलं.

बाहेर गरम वाऱ्याची लू वाहत होती. सासरे भिंतीकडे तोंड करून घोरू लागले. दर दहा मिनिटांनी कुसुम यायची आणि पंच्यावर तांब्याभर पाणी ओतून जायची. चार वाजेपर्यंत माझ्या हातांचं लाकूड झालं. क्षणभर थांबलो, तर सासऱ्यांचं घोरणं थांबलं.

डोळे न उघडता ते म्हणाले, "काहून जावईबापू, लाइन गेली काय?"