मोजणाऱ्याचं नाव

वहिनीचा फोन आला तेव्हा मी तिच्यावरच खेकसले, "अगं, संध्याकाळी येतेय ना मी! सारखा काय फोन?" ती म्हणाली, "आत्ताच ये. हे गेले." त्याला आता पाच आठवडे झाले. आदल्याच दिवशी मी कात्रपच्या घरी दादाच्या उशाशी बसले होते आणि त्याच्याशी धडधडीत खोटं बोलले होते. हे लिहायला बसले ती त्यासाठीच. माझा भाऊ किती चांगला होता, ते सांगणारे पुष्कळ आहेत.

दादाची सगळी नोकरी जमिनीखालचं पाणी तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर बरोबरीचे लोक पत्ते कुटत बसायचे, हा बदलापूरच्या आसपासच्या विहिरी मोजत हिंडायचा. भाजीवर मारलेलं औषध कुठल्या विहिरीत लवकर उतरेल, त्याचा नकाशा त्याला करायचा होता. पाणी खराब म्हटलं की आमच्याकडे जो तो अंबरनाथच्या कारखान्यांकडे बोट दाखवून मोकळा होतो. दादा म्हणायचा, "धूर दिसतो गं सगळ्यांना. पाठीवरचा फवारणीचा पंप कोण बघतं?" त्याची रीत साधी होती. पाणी जमिनीच्या जवळ आणि वर नुसता मुरूम, तर नकाशात लाल पेन्सिल. पाणी खोल आणि वर चिकट काळी माती, तर हिरवी. मधल्यांना पिवळी. हिरवं म्हणजे बिनधास्त नव्हे, विष तिथे उशिरा पोचेल एवढंच, हे तो प्रत्येकाला बजावायचा आणि प्रत्येक जण ते विसरायचा. त्याच्या वहीत शेवटचा रकाना होता, 'मोजणाऱ्याचं नाव'. मी चिडवायची, "परीक्षेचा पेपर आहे का हा?" मी जन्मभर शाळेत शिकवलं, मला तेच सुचणार.

त्याचे गुडघे गेले, तशी पाण्याची खोली मोजायची टेप घेऊन मी जायला लागले. गेल्या वर्षी मार्गशीर्षात शिरगावच्या पलीकडच्या एका पाड्यावर हिराबाईंच्या विहिरीवर पोचले, तर तिथे बायकांची ही गर्दी. त्यांच्या मुलीची हळद होती आणि हळदीचं पाणी भरायचं चाललं होतं. गाणी, हसणं, घागरीला कुंकू. हिराबाई म्हणाल्या, "बाय, जरा थांब. आधी हलदीचा पानी भरू दे, मंग सोड तुझी टेप." अर्धा तास थांबले, आणि माझा धीर सुटला. उन्हात उभं राहणं माझ्या स्वभावात नाही. "दोर किती लागतो?" मी विचारलं. "बारा हात," त्या म्हणाल्या. मी अठरा फूट लिहिलं, पुढे माझं नाव घातलं आणि रिक्षा धरली. दोर हातातून वर कप्पीवर जातो आणि मग खाली उतरतो, ती सगळी लांबी त्यात धरलेली असते, पाणी त्याहून बरंच वर असतं, हे दादानं मला दहादा शिकवलं होतं.

दादानं नकाशातला तो तुकडा हिरवा रंगवला. शेवटच्या भेटीत मात्र वही छातीवर धरून तो म्हणाला, "हिराबाईंचा आकडा शेजारच्या विहिरींशी जुळत नाही. तू टेप सोडली होतीस ना?"

"हो," मी म्हणाले. "वर्गातल्या पोराला विचारावं तसं काय विचारतोस?"

तो हसला. "मग बरोबर असेल."

तेराव्यानंतर वहिनीनं वही माझ्या हातात दिली. त्या आकड्यापुढे दादानं पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढलं होतं, आणि मग ते रबरानं खोडलं होतं. त्याचा वळसा कागदावर अजून दिसत होता. माझ्या एका शब्दावर त्यानं ते खोडलं. मला रडू आलं नाही, स्वतःची शिसारी आली.

विहिरीचं पाणी ऋतूप्रमाणे वरखाली होतं, म्हणून मुद्दाम मार्गशीर्षातच पुन्हा गेले. विहिरीच्या कठड्यापासून चार पावलांवर भेंडी उभी होती, आणि फवारणीचा पंप धुऊन तिथेच पालथा घातलेला. लग्न झालेली मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. ती घागर भरत होती. टेप सोडली, कठड्याची उंची वजा केली. पाणी जमिनीपासून अवघ्या साडेसात फुटांवर.

"बाई, हे पाणी पिऊ नका," मी म्हणाले. "पोरीला तर मुळीच देऊ नका. आधी तपासून घेऊ."

हिराबाई बघतच राहिल्या. "तुझ्या भावानंच सांगला, आमची विहीर हिरवी हाय. म्हनून तं भेंडी इथं लावली. सायब चुकला का?"

"साहेब नाही चुकला. त्या दिवशी मी मोजलंच नव्हतं."

मुलीच्या हातातली घागर हिराबाईंनी काढून घेतली आणि पाणी भेंडीत ओतलं.

पाण्याची बाटली भरून तपासणीला दिली आहे, उत्तर यायचं आहे. त्या दिवशी तशीच कात्रपला गेले. हिरव्यावर लाल पेन्सिल फिरवली तर मळकट तपकिरी रंग उमटला, लाल काही होईना. राहू दे तसाच. दादा ओली टेप त्याच्या खुर्चीच्या हातावर वाळत घालायचा, तशी मीही घातली. मग त्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "हो, सोडली." या वेळी ते खरं होतं, आणि विचारणारा नव्हता.